दुसऱ्या सहीची जागा

हे नारायणा, तू न विचारता ओळखणारा. तुझ्या दाराशी आलेल्याला तू नाव विचारत नाहीस, पत्ता विचारत नाहीस, जुन्या घरातून नव्या घरात कधी राहायला गेला याचा दाखला मागत नाहीस. तुझ्याकडे यादी नाही, म्हणून तुझ्या यादीतून कुणी गळत नाही. आम्हां माणसांचे तसे नाही. आम्हांला यादी लागते, यादीपुढे रेघ लागते, रेघेवर सही लागते. आणि इतके सगळे करून ज्याला जन्मभर पाहिले त्यालाच ओळखायचे आमच्याकडून राहून जाते. त्या तुझ्या जाणत्या डोळ्यांना आधी वंदन करतो, आणि मग तुझ्याच एका लेकराचे नाव घेतो. ती तुला निराळ्या नावाने हाक मारते, तिच्या माळेतले मणी निराळ्या मंत्राने सरकतात. पण हाक जिथे पोचायची तिथेच पोचते, हे मी तिच्या शेजारी राहून तीस वर्षे पाहिले आहे.

नाव बर्नाडिन युरगाइटिस. वय एकाहत्तर. पेन्सिल्व्हेनियाच्या कोळशाच्या डोंगरात वेनरिक नावाचे आमचे गाव आहे. त्या गावात ती जन्मली, तिथेच शिकली, तिथल्याच शर्टांच्या कारखान्यात सव्वीस वर्षे कॉलर शिवत बसली. कारखाना बंद पडला तेव्हा शाळेच्या स्वयंपाकघरात गेली. नवरा एडी ट्रक चालवी. सहा वर्षांपूर्वी तो गेला. एकच मुलगी, कॉलीन, ती डेलावेअरला. उंची पाच फूट, आवाज बेताचा, हात सतत काहीतरी सरळ करणारे: टेबलावरचा कागद, दुसऱ्याच्या कोटाची कॉलर, वेदीवरचे फूल.

आणि ही बाई आमच्या गावची जज्ज होती. कोर्टाची पायरी न चढलेली जज्ज. मतदानाच्या दिवशी आमच्या केंद्रावर ज्याचा शब्द शेवटचा, त्या माणसाला आमच्याकडे जज्ज म्हणतात आणि त्यालाही लोकच निवडून देतात. वीस वर्षांपूर्वी त्या जागेला कुणी उभे राहिले नाही. मतपत्रिकेवर रिकामी जागा होती. चौदा माणसांनी आपल्या हाताने तिथे बर्नाडिनचे नाव लिहिले. तिला हे कळले ते पुढच्या रविवारी, प्रार्थना संपल्यावर, कुणीतरी अभिनंदन केले तेव्हा. नाही म्हणायचे तिला सुचले नाही. दर चार वर्षांनी पुन्हा तेच. लोक म्हणत, बर्नी आहे ना. या तीन शब्दांत ती वीस वर्षे अडकली होती.

मी सांगतो तो नोव्हेंबरचा मंगळवार तिचा शेवटचा ठरला होता. तिने स्वतःच ठरवला होता. जज्जची जागा त्याच मतपत्रिकेवर पुन्हा रिकामी होती आणि तिने भेटेल त्याला बजावले होते की या वेळी माझे नाव लिहू नका. डेलावेअरला कॉलीनने खोली रंगवून ठेवली होती. गुडघे थकले होते. सकाळी सात ते रात्री आठ असे तेरा तास जज्जने केंद्र सोडायचे नाही, अशी तिची शिस्त. एडीच्या शेवटच्या आजारातही तिने ती मोडली नव्हती आणि त्याचे शल्य तिच्या मनात होते.

केंद्र म्हणजे बंबखान्याचे सभागृह. बाहेर आगीचा बंब उभा, आत टेबले, टेबलांमागे मतदानाचे आडोसे आणि मत गिळणारे यंत्र. त्या दिवशी मतपत्रिकेवर एक प्रश्नही होता. गावातले दोन बंबखाने एक करून हा बंद करावा काय? म्हणजे ज्या छपराखाली उभे राहून मत द्यायचे त्याच छपराचा निकाल.

टेबलाच्या एका टोकाला ती, दुसऱ्या टोकाला वेंडेल रिशेल. वेंडेल दुसऱ्या पक्षाचा. दोन्ही बाजूंचा एकेक डोळा टेबलावर असावा म्हणून त्याची नेमणूक. चाळीस वर्षे शाळेत भूमिती शिकवून निवृत्त झालेला, पट्टी न लावता रेघ मारली तर अस्वस्थ होणारा. वीस वर्षांत त्या दोघांनी एकमेकांना मत कुणाला दिले हे विचारले नाही. ती कोबी घालून परतलेल्या शेवयांची हलुश्की आणी, तो काकवीचा पाय नावाचा भाजलेला गोड पदार्थ आणी, आणि दुपारी दोघे एकाच ताटलीत दोन काटे घालून खात. यादी उघडणारी एक बाई आणि यंत्रापाशी बसणारा एक गृहस्थ, असे आणखी दोघे. एवढाच तो दरबार.

सकाळी नऊ वाजता यानिरा पेगेरो आली. डोमिनिकन घराण्यातली, तिशीची, गोदामात काम करणारी. नवऱ्याचे नाव यादीत होते, तिचे नव्हते. दोघांनी एकाच दिवशी एकाच टेबलावर मतदार नोंदणीचे अर्ज भरले होते. असे झाले की आमच्याकडे माणसाला परत पाठवत नाहीत. त्याला वेगळी मतपत्रिका देतात. तिला कायद्याने तात्पुरती म्हणतात, गावात लिफाफ्याचे मत म्हणतात. बाहेरच्या मोठ्या लिफाफ्यावर आपली माहिती भरायची आणि पहिली सही करायची. मग आडोशाला जाऊन मत द्यायचे, ते आतल्या कोऱ्या लिफाफ्यात घालायचे, तो मोठ्यात घालायचा, बंद करायचा, टेबलाशी येऊन दुसरी सही करायची. मग खाली जज्जची सही, वेंडेलची सही. मतदाराला नंबराची चिठ्ठी. ते मत यंत्रात जात नाही. ते जिल्ह्याच्या गावी जाते. तिथे आठवडाभरात चौकशी होते की हा माणूस खरा मतदार आहे ना, याने दुसरीकडे मत दिलेले नाही ना. आणि मग तो लिफाफा उघडतो, किंवा कधीच उघडत नाही.

बर्नाडिनने यानिराला खुर्ची दिली आणि लिफाफ्यावरची ओळन् ओळ वाचून दाखवली. दोनदा. इथे पहिली सही, इथे दुसरी, दुसरी परत आल्यावर, माझ्यासमोर. यानिराने विचारले, हे खरं मोजतात की नुसतं समाधान करतात. बर्नाडिन म्हणाली की मोजतात. पण एक रेघ रिकामी राहिली तर नाही मोजत, म्हणून तर वाचतेय. पंधरा मिनिटे गेली. मागे रांग दारापर्यंत लांबली.

आणि त्या रांगेत लेनी होता.

लेनर्ड युरगाइटिस, एडीचा थोरला भाऊ, बर्नाडिनचा दीर. वय ब्याऐंशी. चाळीस वर्षे त्याने याच बंबखान्याचा बंब चालवला. पहिल्यांदा मत दिले तेही इथेच, आणि त्यानंतर एकही निवडणूक चुकवली नाही. बायको आयरीन मागच्या हिवाळ्यात गेली. दोघे नेहमी जोडीने येत, ती पुढे, तो मागे. वसंतात त्याच्या कंबरेच्या हाडाची शस्त्रक्रिया झाली. आता काठी होती. तो टेबलाशी आला आणि म्हणाला, “बर्न, माझं पान उलट की. का नाव विसरलीस?”

पान उलटलेलेच होते. नावापुढे छापले होते की याला घरी, टपालाने मतपत्रिका पाठवली आहे.

तिने विचारले की ती आणलीस का. तो म्हणाला, “घरी बिलं येतात आणि दुकानांची रंगीत पत्रकं येतात. सगळं शेगडीत जातं.” मग हळूहळू उलगडा झाला. शस्त्रक्रियेच्या वेळी त्याच्या मुलीने टपाली मतासाठी अर्ज केला होता आणि वर्षभराच्या चौकटीत खूण केली होती. बापाला सांगायचे राहिले. मतपत्रिका आली, आणि लेनीने कोळशाच्या शेगडीत घातली. ती आणली असती तर रद्द करून त्याला इथे साधे मत देता आले असते. राखेचे काय करणार? आता लिफाफाच.

“म्हणजे सगळ्यांचं यंत्रात आणि माझं पाकिटात? मी काय चोरी केलीय?”

“नियम आहे, लेनी.”

“या दारातनं बंब मी बाहेर काढलाय. आता मलाच तपासून घेणार.”

मागे रांग होती, आणि त्याचा सगळा भार काठीवर आला होता. बर्नाडिनला ती काठी तेवढी दिसली. तिने लिफाफा आपल्याकडे ओढला. नाव तिनेच लिहिले, पत्ता तिनेच लिहिला, जन्मतारीखही न विचारता लिहिली, कारण दर वाढदिवसाचा केक तीच करी. पहिल्या सहीवर बोट ठेवले. त्याने सही केली, आडोशाला गेला, परत आला, लिफाफा टेबलावर जवळजवळ आपटला. तिने तो घेतला आणि म्हणाली की झालं, जा आता, उभा राहू नकोस, पाय दुखतील. चिठ्ठी त्याच्या खिशात तिनेच घातली. खाली आपली सही केली. वेंडेलने तिची सही पाहिली आणि आपली केली. लेनी वळला आणि कुणाकडे न बघता गेला.

श्रोते हो, इथे थोडे थांबू या. परक्या बाईला तिने खुर्ची दिली आणि अक्षर अक्षर वाचून दाखवले. घरच्या माणसाचे मात्र तिने स्वतःच उरकून टाकले. हे तिने हेळसांडीने केले नाही, मायेने केले. मायेचा हात घाईत असला की मध्येच एखादी रेघ सोडून पुढे जातो, आणि आपण काही सोडले हे त्याला कळतही नाही.

दुपार गेली. हलुश्की संपली. पाच वाजता बाहेर काळोख झाला आणि कामावरून सुटलेल्यांची रांग सुरू झाली. सात वाजून पाच मिनिटांनी वेंडेल लिफाफे नोंदीशी ताडून पाहत होता. दिवसभरात पाच झाले होते. चौथ्यावर त्याचे बोट थांबले. त्याने तो लिफाफा टेबलावरून तिच्यापुढे सरकवला.

दुसऱ्या सहीची रेघ रिकामी होती.

वर लेनीची पहिली सही, खाली तिची, त्याखाली वेंडेलची. मध्ये ती पांढरी जागा. तिने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. रेघ रिकामीच राहिली.

वेंडेल हळू आवाजात म्हणाला, “मीही सही केलीय. तुझी दिसली म्हणून खाली माझी केली. वर बघितलंच नाही.”

“चाळीस वर्षं भूमिती शिकवलीस ना रे?”

“म्हणून तर जास्त लाज वाटतेय.”

तिने लेनीच्या घरी फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. संध्याकाळी तो कानातली यंत्रे काढून ठेवतो, हे तिला ठाऊक होते; आणि सकाळचा राग मनात असेल तर यंत्रे असूनही उचलणार नाही, हेही ठाऊक होते. घर वरच्या गल्लीत, चालत सात मिनिटे. त्या सात मिनिटांचे काय करायचे? जज्जने केंद्र सोडायचे नाही. वेंडेलनेही सोडायचे नाही. यादीपाशी रांग, यंत्रापाशी रांग. लिफाफा टेबल सोडून बाहेर न्यायचा नाही. दाराबाहेर बंबाचे लाल दिवे, त्यापलीकडे चढाचा रस्ता, त्याच्या टोकाला एका घरात एक म्हातारा सूप गरम करत असेल. आणि ती खुर्चीत. तिला एडी आठवला. तेव्हाही याच खुर्चीतून तिने घड्याळ पाहिले होते.

जिल्ह्याच्या कार्यालयाचा फोन चार वेळा लागला नाही. पाचव्यांदा लागला तेव्हा पलीकडच्या थकलेल्या आवाजाने सांगितले की आठच्या आत तो स्वतः आला आणि तुमच्या दोघांसमोर सही केली तर चालेल. आठनंतर जिल्ह्याचे निवडणूक मंडळ ठरवेल. पण रिकाम्या रेघेचे मंडळ सहसा एकच ठरवते.

सात वाजून अठरा मिनिटे.

तेव्हा वेंडेल उठला. म्हणाला, “मी जरा कॉफी घेतो.” आणि सभागृहाच्या दुसऱ्या टोकाला, पाठ करून उभा राहिला.

कॉफीचे भांडे चार वाजल्यापासून रिकामे होते, आणि हे दोघांनाही माहीत होते.

आता ती होती, लिफाफा होता आणि हातात पेन होते. लेनीची सही ती पंचेचाळीस नाताळांच्या शुभेच्छापत्रांवर पाहत आली होती. पहिले अक्षर गळासारखे वाकडे, शेवटचे लांब ओढलेले. एडीच्या शेवटच्या वर्षात तर दवाखान्याचे सगळे कागद तिनेच त्याच्या नावाने सह्या करून परत केले होते, आणि कुणी हरकत घेतली नव्हती. आडनाव तर तिचेच होते. हाताला शिकवायचे काही नव्हते. एका श्वासात झाले असते आणि ज्याच्या नावाने झाले असते त्याचे भलेच झाले असते. आणि पाठ करून उभा असलेला तो दुसऱ्या पक्षाचा म्हातारा, ज्याने आयुष्यात वाकडी रेघ खपवली नाही, तो रिकामे भांडे वाकवून कपात काहीच ओतत नव्हता.

हे नारायणा, मोहाचे तोंड नेहमी वाईट असते असे तू केले असतेस तर आमचे काम किती सोपे झाले असते. तिच्यापुढे मोह आला तो मायेचे तोंड घेऊन आला.

तिने पेनाला टोपण लावले. दोन्ही हात टेबलाखाली मांडीवर धरून ठेवले.

वेंडेल परत आला. “कॉफी नाहीये.”

“माहितीय.”

“मग?”

“मग रेघ तशीच आहे.”

तो बसला. लिफाफे सरळ रचत म्हणाला, “बरं केलंस.” एवढेच. पण आवाज असा होता की स्वतःचीही सुटका झाली असावी.

सात पंचवीसला यानिरा दारात दिसली. नवरा गोदामातून सुटला होता. त्याला मत द्यायला घेऊन आली होती. तो रांगेत उभा राहिला आणि ती भिंतीशी टेकली. बर्नाडिन तिच्याकडे पाहत राहिली. पेगेरो कुटुंब वरच्या गल्लीत राहते. लेनीची आणि त्यांची एकच भिंत. त्या भिंतीतून येणाऱ्या गाण्यांबद्दल लेनी दोन वर्षे बर्नाडिनच्या स्वयंपाकघरात बसून तक्रार करत होता.

तिने यानिराला जवळ बोलावले आणि विचारले की लेनर्ड घरी असेल का. यानिरा म्हणाली, “असणारच. त्यांचा टीव्ही त्यांच्यापेक्षा आम्हालाच जास्त ऐकू येतो.”

मग बर्नाडिनने सगळे सांगितले. अर्धे लपवून नव्हे. चूक माझी आहे असेच सांगितले; तुला वाचून दाखवले, त्याला दाखवले नाही असेही सांगितले. त्याला आठच्या आत आणशील का? यानिराने नवऱ्याला दोन शब्द सांगितले, गाडीची किल्ली घेतली आणि गेली.

पुढची वीस मिनिटे घड्याळ होते आणि बर्नाडिन होती. माणसे आली, नावे घेतली गेली, यंत्र गुरगुरले. तिने टेबलावरचे पेन सरळ केले. पुन्हा सरळ केले.

तिकडे काय झाले ते यानिराने नंतर सांगितले. पुढचे दार वाजवून उपयोग झाला नाही, म्हणून ती मागच्या सामाईक ओट्यावरून गेली आणि स्वयंपाकघराच्या काचेवर चमचा वाजवला. लेनीने तिच्याकडे असे पाहिले जणू गाणे आता खिडकीतूनही येऊ लागले. तिने आपली नंबराची चिठ्ठी काचेला लावली. त्याने बघितली. खिशातून आपली काढली. एकाच रंगाच्या दोन चिठ्ठ्या, काचेच्या अलीकडे आणि पलीकडे. त्याने दार उघडून कानात यंत्र घातले. ती म्हणाली की माझंही मत लिफाफ्यातच आहे, पण मी दोन सह्या केल्या, तुमची एकच आहे. तो म्हणाला, “मी माझं मत दिलंय. बाकीचं तिचं काम.” यानिरा म्हणाली की ती सांगतेय, चूक तिची आहे. त्यावर लेनीने विचारले, “बर्न असं म्हणाली?” आणि त्याने शेगडीचे दार लावून कोट घेतला.

सात वाजून शेहेचाळीस मिनिटांनी काठीचा आवाज बंबाशेजारून आला आणि दारात थांबला. आत आला नाही. उंबऱ्याबाहेरच राहिला, मागे यानिरा. म्हणाला, “काय ते इथनंच सांग.”

बर्नाडिन उभी राहिली. मध्ये वीस पावले. तिला लिफाफा घेऊन तिकडे जाता येत नव्हते, आणि त्याला तिने ओढून आणणे शोभले नसते. रांगेतली माणसे बाजूला सरली.

“लेनी, चूक माझी आहे. या मुलीला मी सगळं वाचून दाखवलं. तुला नाही दाखवलं. म्हटलं, तू आपला माणूस.”

“आपल्या माणसाला वाचून दाखवायचं नसतं वाटतं.”

“दाखवायला हवं होतं.”

काठी वाजली. वीस पावले त्याने आपल्या चालीने तोडली, सकाळी यानिराने घेतली होती त्याच खुर्चीत बसला आणि म्हणाला, “वाच. पहिल्यापासनं.”

वेंडेलने घड्याळाकडे पाहून सांगितले, “लेनर्ड, अकरा मिनिटं आहेत.”

“मग मध्ये बोलू नकोस.”

तिने चष्मा नीट केला. आणि मग आमच्या बर्नाडिनने ते केले जे तिने त्या टेबलावर एकाही ओळखीच्या माणसासाठी केले नव्हते. परक्याशी बोलतात त्या आवाजात, हळू, स्वच्छ, तिने विचारले, “तुमचं पूर्ण नाव सांगा.”

लेनीने काठी टेबलाला टेकवली. मग पाठ सरळ करून म्हणाला, “लेनर्ड व्हिन्सेंट युरगाइटिस.”

यादीत मधल्या नावाचे नुसते एक अक्षर होते. व्हिन्सेंट हे तिला ठाऊक नव्हते. पंचेचाळीस वर्षे त्याच्या ताटात वाढले, त्याच्या भावाशी संसार केला, आणि हे ठाऊक नव्हते.

तो म्हणाला, “वीस वर्षांत तू मला नाव विचारलं नाहीस, बर्न.”

“गरज नव्हती ना.”

“आयरीन गेल्यापासनं कुणीच विचारत नाही. डॉक्टर जन्मतारीख विचारतो.”

तिने पत्ता विचारला. त्याने सांगितला. जन्मतारीख विचारली, त्याने सांगितली. मग तिने पुढची वाक्ये वाचली: की मी याच गावात राहतो, की या निवडणुकीत मी दुसरीकडे कुठेही मत दिलेले नाही, की या लिफाफ्यात आहे ते माझेच मत आहे. प्रत्येक वाक्याला तो हो म्हणाला, आणि दर वेळी आवाज थोडा थोडा सकाळच्या रागातून बाहेर येत गेला. दारात यानिरा उभी होती. तिचे ओठ हलत होते. तिला पाठ होते.

“इथं दुसरी सही.”

त्याने गळासारखे पहिले अक्षर काढले. तिने हात पुढे केला नाही. पूर्ण नाव व्हायला वेळ लागला. शेवटचे अक्षर लांब ओढले गेले. सात वाजून त्रेपन्न मिनिटे. ती वेळ वेंडेलने शेजारी लिहिली. मग बर्नाडिनने दिवसाच्या नोंदीत आपल्या हाताने लिहिले की जज्जने मतदाराची दुसरी सही घ्यायची राहून गेली होती, ती मतदाराने स्वतः येऊन केली. वेंडेलने त्याखाली, पट्टी लावून, रेघ मारली आणि सही केली. या वेळी त्याने वरपासून खालपर्यंत वाचले.

आठ वाजता ती दारापर्यंत गेली आणि बंबाच्या अंगावरून रिकाम्या रस्त्याला मोठ्याने सांगितले की मतदान संपले. ऐकायला फक्त लेनी होता, यानिराच्या गाडीत बसत होता. म्हणाला की ऐकू आलं, यंत्र घातलंय.

मग यंत्रातून कागदाची लांब पट्टी निघाली. बंबखाना बंद करण्याचा ठराव सतरा मतांनी मंजूर झाला होता. त्याच पट्टीवर, जज्जच्या जागेपुढे, हाताने लिहिलेली नावे एकतीस. कुणाची, ते पाहायची गरज नव्हती. पण नियम म्हणून वेंडेलने एकेक मोठ्याने वाचले. एकतीस वेळा एकच नाव, चार निरनिराळ्या स्पेलिंगांत. ती खुर्चीत बसून ऐकत राहिली. डेलावेअरची रंगवलेली खोली तिच्या डोळ्यांपुढे होती. वेंडेल वाचायचा थांबला तेव्हा ती एवढेच म्हणाली की यात तुझंही असणार. तो म्हणाला की काकवीचा पाय करायची सवय लागलीय, आता कुणासाठी करू?

सहा दिवसांनी जिल्ह्याच्या गावी लिफाफे उघडले. वेनरिकचे पाचही ग्राह्य ठरले. सतरांचा फरक चौदावर आला. कमी झालेल्या त्या तिनांतले एक लेनीचे, कारण बंबखान्याबद्दलचे मत त्याने कधी झाकून ठेवले नव्हते. बंबखाना तरीही बंद होणार. पुढच्या वर्षी टेबले शाळेच्या व्यायामशाळेत लागतील. पण ती चिठ्ठी लेनीच्या स्वयंपाकघरात दिनदर्शिकेला टाचलेली आहे, आणि भिंतीपलीकडच्या गाण्याबद्दल त्याची तक्रार आता इतकीच की गायक बेसूर आहे.

ते सोमवारी कळले, तेव्हा बर्नाडिन त्याच्याकडे हलुश्की घेऊन गेली होती. तिने विचारले, “खरं सांग, जज्जच्या जागेपुढे तू कुणाचं नाव लिहिलंस?”

लेनीने ताटातून मान वर केली नाही. “मत गुप्त असतं, बर्न. नियम आहे.”

तिने कॉलीनला फोन केला. चार वर्षे अजून, म्हणाली. मुलगी रागावली, मग रडली, मग म्हणाली की खोली तशीच ठेवते. आणि त्या दिवसापासून बर्नाडिनने केंद्रावर न्यायच्या आपल्या पेटीत एक कागद ठेवला आहे. त्यावर लिहिले आहे: ओळखीच्या माणसाला आधी वाचून दाखवायचे.

हे विश्वंभरा, या बाईच्या गुडघ्यांना चार वर्षांचे बळ दे. तिच्या चुलीवरची शेवयांची कढई भरलेली राहो. डेलावेअरची ती खोली तिची वाट पाहत उजेडात राहो आणि तिथे पोचायच्या दिवशी तिला कुणी अडवू नये. लेनर्ड व्हिन्सेंटच्या शेगडीत कोळसा राहो आणि कानात आवाज राहो. एका भिंतीच्या दोन्ही बाजूंना तुझा हात असो. आणि ज्या हातांनी रिकामी रेघ रिकामीच राहू दिली, त्या दोन लहान हातांना, प्रभो, तू कधी रिकामे ठेवू नकोस.